तयार गेमिंग संगणक घ्यावा का? भागांच्या यादीपासून पहिल्या चाचणीपर्यंत

गेमिंगसाठी पहिलाच संगणक घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. सुटे भाग आणून जोडणी स्वतः करायची, किंवा दुसऱ्या कोणी जोडून दिलेला तयार संगणक, ज्याला सर्रास प्रीबिल्ट म्हटले जाते, तो घ्यायचा. हा लेख दुसऱ्या वाटेचा विचार करणाऱ्यांसाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच मांडतो: तयार संगणक घेण्यात काहीही कमीपणा नाही, मात्र ज्या संगणकातील प्रत्येक भागाचे नेमके नाव विक्रेता सांगू शकत नाही किंवा सांगू इच्छित नाही, तो कितीही स्वस्त वाटला तरी घेऊ नये. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच एका अटीतून निघालेल्या आहेत.

तयार संगणक तीन ठिकाणांहून येतात आणि त्यांच्यातला फरक आधी ध्यानात घ्यायला हवा. पहिले मोठे ब्रँड, जे ठरावीक साच्यातील संगणक कारखान्यात हजारोंच्या संख्येने बनवतात. दुसऱ्या, केवळ जोडणीचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या, ज्यांच्या यादीतून ग्राहक प्रोसेसर (गणना करणारा मुख्य भाग), ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग), रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) वगैरे निवडतो आणि ती कंपनी त्याप्रमाणे संगणक जोडून, चाचणी करून पाठवते. तिसरे, सुटे भाग विकणारे दुकानदार, जे मागणीप्रमाणे जोडणीही करून देतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात सहसा बाजारात सुटे मिळणारे प्रमाणित मापाचे भाग वापरलेले असतात. पहिल्या प्रकारात तसे असेलच याची खात्री नसते, आणि त्याचे परिणाम दोन-तीन वर्षांनी, एखादा भाग बदलायची वेळ आली की समोर येतात.

पायरी १: आधी मॉनिटर आणि खेळ ठरवावेत

संगणक किती ताकदीचा हवा, हे मॉनिटर आणि खेळ यांवरून ठरते. १९२० × १०८० रिझोल्यूशनच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० × १४४० वर सुमारे ३६.९ लाख, आणि ३८४० × २१६० वर, म्हणजे ज्याला आपण फोर-के म्हणतो त्यावर, सुमारे ८२.९ लाख. ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे प्रत्येक नव्या चित्रात, हे सर्व बिंदू रंगवायचे असल्याने पहिल्या पडद्यावर आरामात चालणारे कार्ड तिसऱ्या पडद्यावर धापा टाकू लागते. त्यात मॉनिटरचा रिफ्रेश रेट मिळवावा लागतो: ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० पेक्षा अधिक पूर्ण फ्रेम दाखवू शकत नाही, त्यामुळे अशा पडद्यासाठी सेकंदाला २०० फ्रेम काढणारा संगणक घेतला, तर त्याची बरीचशी ताकद डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

खेळांचा प्रकारही महत्त्वाचा असतो. स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळांत चित्राचा दर्जा कमी ठेवून फ्रेमची संख्या वाढवली जाते आणि तिथे प्रोसेसरची कसोटी लागते. मोठ्या, कथाप्रधान, विस्तीर्ण जगाच्या खेळांत बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. म्हणून आपण खरोखर खेळणार असलेले तीन-चार खेळ, पडद्याचे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट एका कागदावर लिहून ठेवावेत आणि दाखवला जाणारा प्रत्येक संगणक त्या कागदाशी ताडून पाहावा.

विक्रेते फ्रेमचे मोठमोठे आकडे दाखवतात, त्याबाबत एक सावधगिरी सांगतो. तो आकडा कोणत्या रिझोल्यूशनवर आणि चित्राच्या कोणत्या दर्जावर मिळाला, तसेच डीएलएसएस किंवा एफएसआर चालू होते का, हे विचारावे. ही तंत्रे कमी रिझोल्यूशनचे चित्र काढून ते मोठे करतात आणि त्यात गैर काहीच नाही; पण त्यांतील फ्रेम जनरेशन ही सोय दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेली फ्रेम बसवते. हालचाल त्यामुळे सलग दिसते, मात्र माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही. मूळच्या ३० फ्रेम अशा रीतीने ६० झाल्या, तरी हाताला तो खेळ ६० फ्रेमचा वाटत नाही.

पायरी २: यादीतील प्रत्येक नाव पूर्ण करून घ्यावे

जाहिरातीत सहसा चार गोष्टी ठळक असतात: ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी (खेळ आणि फाइली कायम साठवणारा भाग). त्यांचीही नावे अनेकदा अर्धीच दिलेली असतात, आणि बचत नेमकी त्या उरलेल्या अर्ध्या नावात केलेली असते.

ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करू. एकाच नावाखाली वेगवेगळ्या ताकदीची कार्डे विकली गेल्याची उदाहरणे बरीच आहेत. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे आहे आणि ८ जीबीचेही. दुसऱ्यात स्मृती तर कमी आहेच, शिवाय स्मृतीपर्यंतचा मार्ग १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आणलेला असल्याने वेगही कमी मिळतो. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीच्या आवृत्तीत ८ जीबीच्या आवृत्तीपेक्षा गणन करणारे घटकही कमी आहेत. आरटीएक्स ४०६० टीआय, आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडी कंपनीचे आरएक्स ९०६० एक्सटी ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत आली आहेत. अलीकडच्या काही खेळांना उच्च दर्जाच्या पृष्ठचित्रांसह (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रे, टेक्स्चर) ८ जीबी स्मृती अपुरी पडते, त्यामुळे नावाबरोबर स्मृतीचा आकडा लिहिलेला नसेल तर तो कमीतला आहे असे धरून चालावे.

प्रोसेसरच्या बाबतीत इंटेल कंपनीच्या ‘आय सेव्हन’ एवढ्या उल्लेखाला काहीही अर्थ नाही. ही मालिका २००८ मध्ये सुरू झाली आणि २०११ मधील आय सेव्हनपेक्षा २०२२ मधील आय थ्री १२१०० कितीतरी वेगवान आहे. पूर्ण क्रमांक आणि त्यामागचे अक्षर दोन्ही पाहावे. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. ग्राफिक्स कार्ड बिघडले की पडद्यावर काहीच दिसणार नाही, एवढाच त्याचा तोटा. एएमडीच्या नावात ‘एक्सथ्रीडी’ असेल तर कॅशे स्मृती (प्रोसेसरच्या आतली अतिवेगवान स्मृती) जास्त असते आणि बऱ्याच खेळांत तिचा स्पष्ट फायदा मिळतो. क्रमांकातला लहानसा फरकही फसवा असू शकतो: एएमडीच्या रायझेन ५ ५५०० आणि ५६०० ही नावे शेजारची वाटतात, पण पहिल्यात तिसऱ्या पातळीची कॅशे १६ एमबी आहे आणि दुसऱ्यात ३२, शिवाय पहिला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याच्या मार्गाच्या, तिसऱ्या पिढीवरच थांबतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये पुढे आले होते. कंपनीने सुधारणा प्रसृत केल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशा प्रोसेसरचा संगणक जुन्या साठ्यातून मिळत असेल, तर बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रॅम किती, याइतकेच ती किती पट्ट्यांत आहे हे महत्त्वाचे असते. १६ जीबीची एकच पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या यांची बेरीज सारखीच येते, पण दोन पट्ट्या असताना प्रोसेसर दोन मार्गांनी स्मृतीशी बोलतो आणि खेळांत त्याचा फरक जाणवतो. तयार संगणकांत एकच पट्टी घालण्याची प्रथा दुर्दैवाने टिकून आहे. एसएसडीबाबत मात्र नवख्याने फार काथ्याकूट करू नये: ती एनव्हीएमई (वेगवान जोडणीच्या) प्रकारची असावी आणि १ टीबीपेक्षा कमी नसावी, कारण आजचे काही मोठे खेळ एकेकटे १०० जीबीहून अधिक जागा घेतात.

आता जाहिरातीत सहसा नसलेल्या गोष्टींकडे येऊ. माझ्या मते तयार संगणकाची खरी परीक्षा इथेच होते.

पॉवर सप्लाय, ज्याला बरेच लोक एसएमपीएस म्हणतात, त्याचा उल्लेख ‘६०० वॅट’ एवढाच असेल तर तो उल्लेख नसल्यासारखाच आहे. कंपनी आणि मॉडेल कळायला हवे. ‘८० प्लस ब्राँझ’ किंवा ‘गोल्ड’ ही मोहर विजेचा किती भाग उष्णतेत वाया जातो एवढेच सांगते. भागांचा टिकाऊपणा, व्होल्टेजची स्थिरता किंवा शॉर्ट सर्किटपासूनचे संरक्षण याबद्दल ती काही सांगत नाही. किती वॅट हवेत याचा अंदाज कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या शिफारशीवरून घेता येतो: एनव्हिडियाने आरटीएक्स ४०६० साठी ५५० वॅटचा आणि आरटीएक्स ४०९० साठी ८५० वॅटचा सप्लाय सुचवला आहे. सांगितलेला सप्लाय शिफारशीच्या जेमतेम काठावर असेल, तर पुढे मोठे कार्ड घालताना तोही बदलावा लागेल, हे गणितात धरावे. आणखी एक कारणही आहे. प्रोसेसर कमकुवत निघाला तर खेळ हळू चालतो, पण निकृष्ट सप्लाय बिघडताना बाकीचे भागही सोबत नेऊ शकतो. काटकसर कुठे केली आहे हे एकाच भागावरून ओळखायचे असेल, तर मी हाच भाग पाहीन.

मदरबोर्डचे, म्हणजे सर्व भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पट्टीचेही, पूर्ण नाव मागावे. त्यावर रॅमसाठी दोन खाचा आहेत की चार, दुसरी एसएसडी लावायला जागा आहे का आणि सॉकेट (प्रोसेसर बसण्याची जागा) कोणते आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढची वाढ अवलंबून असते. एएमडीचे एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आले आणि त्यावर प्रोसेसरांच्या एकाहून अधिक पिढ्या बसतात. इंटेलचे एलजीए १७०० मात्र १४ व्या पिढीबरोबर संपले, म्हणजे त्या मदरबोर्डवर पुढे नव्या पिढीचा प्रोसेसर बसणार नाही. मोठ्या ब्रँडच्या संगणकात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय एटीएक्स किंवा मायक्रो एटीएक्स अशा प्रमाणित मापाचे आहेत, की कंपनीने स्वतःच्या आकाराचे आणि स्वतःच्या जोडणीचे बनवून घेतलेले आहेत? दुसऱ्या परिस्थितीत बिघडलेला भाग त्या कंपनीकडूनच, ती सांगेल त्या दराने आणि तिच्याकडे शिल्लक असेल तरच मिळतो.

कॅबिनेट आणि कूलिंगबद्दल थोडक्यात. समोरची बाजू अखंड काचेची असेल आणि हवा आत येण्यासाठी बाजूला केवळ अरुंद फटी असतील, तर आतले भाग तापतात आणि तापमान मर्यादेत ठेवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतात. पंख्यांचा आवाज वाढतो तो वेगळाच. समोर जाळी, पुढे किमान दोन पंखे आणि मागे एक, एवढी रचना बहुतेकांना पुरते. रंगीत दिव्यांशी माझे वैर नाही, पण दिव्यांचे सहा पंखे आणि निनावी पॉवर सप्लाय ही जोडी एकत्र दिसली की विक्रेत्याचा प्राधान्यक्रम कळून येतो.

पायरी ३: तेच भाग सुटे घेतले तर काय पडेल ते मांडावे

सर्व नावे हाती आली की प्रत्येक भागाची त्याच दिवशीची सुटी किंमत एकाखाली एक लिहावी. विंडोज अधिकृत परवान्यासह दिले असेल तर त्याची किंमतही त्यात घालावी. ही बेरीज तयार संगणकाच्या किमतीतून वजा केली की उरते ती जोडणी, चाचणी आणि एकत्रित वॉरंटी यांसाठी मागितलेली रक्कम. भागांच्या बेरजेच्या दहा टक्क्यांच्या आसपास ही रक्कम असेल तर मी ती रास्त मानतो. वीस टक्क्यांपलीकडे गेली की त्या बदल्यात काही ठळक मिळाले पाहिजे. हे माझे मोजमाप आहे, प्रत्येकाने आपल्या वेळेची किंमत धरून ते बदलावे.

ही वजाबाकी कधी कधी उणे येते, आणि त्यामागे प्रत्येक वेळी फसवणूक असते असे नाही. २०२० ते २०२२ च्या दरम्यान महासाथीमुळे विस्कळीत झालेला पुरवठा आणि क्रिप्टो चलनाच्या खाणकामाची मागणी यांमुळे ग्राफिक्स कार्डे मूळ किमतीला मिळेनाशी झाली होती, आणि जोडणी करणाऱ्या कंपन्यांकडे आधीच्या कराराने आलेली कार्डे असल्याने अनेकांना तयार संगणकच परवडत होता. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅम महागली, तेव्हाही आधीच्या दराने भरलेल्या साठ्यातील संगणक तुलनेने स्वस्त पडू शकत होते. सुटे भाग वेगाने महागत असतील तेव्हा ही वजाबाकी दर आठवड्याला नव्याने करावी लागते. वजाबाकी उणे येऊनही बाजार शांत असेल, तर मात्र कुठल्या तरी भागाचे नाव अजून अर्धेच आहे असे समजून यादी पुन्हा वाचावी.

पायरी ४: वॉरंटीची कलमे वाचावीत

तयार संगणकाचा सर्वांत मोठा लाभ वॉरंटीत आहे, आणि बहुतेक ग्राहक वाचत नाहीत तीही वॉरंटीच. सुट्या भागांची जोडणी स्वतः केल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर दोष रॅमचा, मदरबोर्डचा की सप्लायचा हे आपणच शोधायचे आणि त्या त्या कंपनीकडे जायचे असते. नवख्या माणसाकडे अदलाबदल करून पाहायला जादा भाग नसतात, त्यामुळे हे काम त्याला फार जड जाते. तयार संगणकात ‘चालत नाही’ एवढे सांगून तो परत पाठवता येतो. या सोयीसाठी जादा पैसे मोजणे मला पूर्णपणे समजण्यासारखे वाटते.

परंतु ही सोय कागदावर तशीच असायला हवी. सुटा घेतल्यास एखाद्या चांगल्या पॉवर सप्लायला पाच, सात किंवा दहा वर्षांची आणि बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी मिळते. तयार संगणकावर सरसकट एकच वर्ष दिले असेल, तर भागांची मूळ वॉरंटी ग्राहकाच्या नावे पुढे चालू राहते की नाही, हे विचारावे. दुरुस्तीसाठी पाठवण्याचा खर्च कोणाचा, संगणक परत यायला किती दिवस लागतात, आणि कॅबिनेट उघडून रॅम किंवा एसएसडी वाढवल्यास वॉरंटी रद्द होते का, याची उत्तरेही हवीत. शेवटच्या प्रश्नाला ‘होय’ हे उत्तर आले तर तो संगणक गेमिंगसाठी घेण्यायोग्य नाही असे मी म्हणेन, कारण वर्षभरात दुसरी एसएसडी लावावी लागणे अगदी सामान्य आहे.

पायरी ५: उत्तरे लेखी घ्यावीत आणि निर्णय करावा

फोनवरील आश्वासनांचा पुढे उपयोग होत नाही. भागांची पूर्ण यादी, ऐनवेळी एखादा भाग उपलब्ध नसल्यास त्याऐवजी काय घातले जाईल, परताव्याची मुदत आणि परत करताना कापली जाणारी रक्कम, हे सर्व ईमेलने किंवा बिलावर मागावे. ‘किंवा समकक्ष’ हे दोन शब्द यादीत असतील तर समकक्ष कोण ठरवणार, हेही विचारावे. विंडोजचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते लिहून घ्यावे. संगणकाबरोबर येणारा ओईएम परवाना त्या मदरबोर्डशी बांधलेला असतो आणि पुढच्या संगणकावर नेता येत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने त्यावर चालणारा संगणक नवा म्हणून विकला जात असेल, तर तो बराच काळ पडून होता असेच मानावे.

यानंतर निर्णय फारसा अवघड राहत नाही. नावे पूर्ण आहेत, वजाबाकी रास्त आहे, वॉरंटी कॅबिनेट उघडायला मोकळीक देते आणि आपल्याला जोडणीत रस किंवा वेळ नाही, अशा परिस्थितीत तयार संगणक घ्यावा. यादीतील एकदोनच भाग खटकत असतील, तर जोडणी करणाऱ्या कंपनीला तेवढे बदलून मागावेत. बहुधा पॉवर सप्लाय आणि रॅम यांवर थोडी रक्कम वाढवल्याने संगणकाचा दर्जा बराच सुधारतो. आणि जोडणी शिकायची हौस असेल, सोबत एखादा जाणकार असेल, बजेटही ताणलेले असेल, तर सुटे भाग घेणेच बरे. एकदा स्वतः जोडलेल्या संगणकाची दुरुस्ती पुढे कधी परकी वाटत नाही.

पायरी ६: पेटी आल्यावर लगेच तपासणी करावी

पेटी उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवावे. वाहतुकीतील नुकसानीचा दावा करताना ते उपयोगी पडते. संगणक सुरू करण्यापूर्वी बाजूचे दार काढून आत पाहावे. वाहतुकीत ग्राफिक्स कार्ड हलू नये म्हणून अनेक कंपन्या आत फोमचा गोळा किंवा हवेच्या पिशव्या भरतात, आणि त्या तशाच ठेवून संगणक सुरू केला तर पंखे अडकतात. कार्ड खाचेत नीट बसले आहे का, रॅमच्या पट्ट्या दोन्ही टोकांना अडकलेल्या आहेत का आणि कार्डाला वीज देणारा जोड शेवटपर्यंत आत गेला आहे का, हे पाहावे. नव्या ताकदवान कार्डांवरील लहान आकाराचा, एकच पण अनेक तारांचा जोड अर्धवट बसल्यास तापून वितळू शकतो; २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आल्यानंतर असे प्रकार घडले होते.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावावी. मदरबोर्डवरही तसाच जोड असतो, नवखे लोक केबल तिथे लावतात आणि महागडे कार्ड आत असूनही खेळ अडखळत का चालतो याचा शोध घेत बसतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट हाताने वाढवावा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटरही बऱ्याचदा ६० वरच सुरू होतो. मग टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग पाहावा: यादीत ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम ४८०० सारख्या मूळ वेगाने चालत असेल, तर कंपनीने बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅम जाहीर वेगाने चालवणारी सोय चालू केलेली नाही. ती आपण चालू करू शकतो. मात्र चाचणी करून पाठवला असे सांगणाऱ्या कंपनीने ती विसरावी, हे त्या चाचणीबद्दल काही सांगून जाते.

त्यानंतर सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामांनी प्रत्येक भागाचे नाव बिलाशी ताडावे. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान नोंदवणारा प्रोग्राम उघडून ठेवून नेहमीचा खेळ सलग तासभर खेळावा आणि तापमानाची कमाल नोंद पाहावी. ग्राफिक्स कार्ड साधारण ८५ अंशांच्या खाली राहायला हवे. प्रोसेसरची मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते, उदाहरणार्थ रायझेन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवलेले आहेत, पण खेळताना सतत त्या टोकाला टेकणे हे अपुऱ्या कूलिंगचे लक्षण आहे. रॅमची चाचणी करणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवावा. त्यात एकही चूक दाखवली गेली, तर आधी एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून चाचणी पुन्हा करावी आणि तरीही चूक दिसल्यास रॅम बदलून मागावी. या तपासण्या परताव्याच्या मुदतीतच संपवाव्यात आणि तोवर मूळ खोका, आतील फोम आणि कॅबिनेटवरील क्रमांकाची चिठ्ठी जपून ठेवावी, कारण मूळ वेष्टनाशिवाय परत आलेला संगणक अनेक विक्रेते स्वीकारत नाहीत.